जेवणातला चोथा कुठं गेला? गावाकडच्या ताटाचा हिशेब

वावरवाट (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून मनात होतं, आज लिहूनच काढतो.

बाबा ६८ वर्षांचे. सगळं आयुष्य वावरात गेलं. गेल्या दीड वर्षापासून पोट साफ होत नाही म्हणून हैराण आहेत. तीन-तीन दिवस संडास नाही, मग कुंथून कुंथून रक्त. मूळव्याध निघाली. आधी चूर्ण झालं, मग सिरप, मग रात्रीची गोळी. औषध संपलं की दोन दिवसांत पुन्हा तेच. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि गोळी लिहायच्या आधी विचारलं, "काका, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा बरं."

बाबा सांगत गेले. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दहाला पुन्हा चहा. दुपारी भात, पातळ वरण, आलूची भाजी. चारला चहा-बिस्किट. रात्री परत भात, नाहीतर दोन पोळ्या आणि बेसन. फळ? "सणावाराले केळं." मी शेजारी बसून ऐकत होतो. ताट तर आम्हीच वाढत होतो, पण असं एका दमात कधी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन मी वही काढली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले आहेत, त्यातले आकडे घेतले. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात चोथा, म्हणजे फायबर, जेमतेम ३ ग्रॅम. ज्वारीत सुमारे १०. तुरीच्या डाळीत ९. अख्ख्या हरभऱ्यात २५. जवसात २६. आपल्याकडच्या जामात (पुण्या-मुंबईचे लोक पेरू म्हणतात) ८ च्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा हवा असं सांगितलं. बाबांच्या दिवसाची बेरीज मी दोनदा केली, ओढूनताणून दहा-अकरा.

मी शाळेत होतो तेव्हा, १९९० च्या आसपास, याच घरात हायब्रीड ज्वारीची भाकर दोन्ही वेळा असायची. सकाळी भरडलेल्या ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या आणि ताक. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हिवाळ्यात हरभऱ्याचा घोळाणा, पावसाळ्यात तरोटा. मग सोयाबीन आलं, ज्वारीचं वावर गेलं. वावरातून गेली ती ताटातूनही गेली. रेशनचा तांदूळ घरात येतो, शिजवायला सोपा. आई थकली, भाकर थापायला हात दुखतात. कुणाचीच चूक काढायची नाही मला. पण भाकर परत आणायची आहे. तुमच्या घरी काय करता ते सांगा.

---

गिरणीवाली (मंगरूळपीर)

दादा, बाबांना आराम पडो. पण एक गोष्ट नीट मांडते, कारण मी रोज पिठातच असते. भाकर गेली म्हणून चोथा गेला हे अर्धंच खरं. त्याच तक्त्यांत अख्ख्या गव्हाचं पीठ बघा, १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ज्वारीपेक्षा कमी नाहीच. पोळी वाईट नाही. पोळीचं नुकसान चाळणीनं केलं.

माझी सासू ज्या चाळणीनं पीठ चाळायची तिची भोकं तांदळाच्या कणीएवढी होती. खडे, काड्या, किडे वर राहायचे, बाकी सगळं खाली. आता बाया मैद्याची चाळणी घेऊन येतात. "ताई, बारीक दळा, पोळी पांढरी आली पाहिजे." घरी जाऊन पुन्हा चाळतात. मी एकदा गिरणीच्या काट्यावर करून दाखवलं. एक किलो गव्हाचं पीठ त्या बारीक चाळणीतून काढलं, वर राहिलेला कोंडा तोलला. १३० ग्रॅम भरला. हातात घेतला तर लाकडाच्या भुशासारखा हलका. गव्हाच्या चोथ्याचा मोठा वाटा त्या कोंड्यातच असतो. तो जातो कुठं? म्हशीच्या टोपल्यात. म्हैस खाते ते चांगलंच आहे, पण मूळव्याध म्हशीला नाही.

तेव्हा काकूंना भाकर थापणं होत नसेल तर जबरदस्ती करू नका. चाळणी बदला. पीठ जरा जाडसर दळून आणा. किलोला एक वाटी हरभरा टाकून दळा, सालासकट. डाळ नको, अख्खा हरभरा. पहिले चार दिवस घरात पोळी काळपट दिसते म्हणून तक्रार होते, मग कुणाच्या लक्षातही राहत नाही.

---

वावरवाट

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या घरी बारीक चाळणीच आहे, आत्ता जाऊन पाहिली.

---

खारपाणी (दर्यापूर)

भाऊ, माह्यासोबत जे झालं ते सांगतो, म्हंजे तुमी ते करसान नाई.

मले कोणीतरी सांगतलं का इसबगोल घे, पोट साफ राहते. मी रोज रातच्यानं दोन चमचे घेऊन रायलो होतो. पण पाणी किती? अर्धा गिलास. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. हिरीचं पाणी तोंडात धरवत नाई, नळ कधी पाच दिवसानं, कधी आठ दिवसानं. पाणी मोजून पेतो आमी. आठ दिवसात पोट असं गच्च झालं का उभं राहवेना. वावरातून घरी आणलं मले. दवाखान्यात एनिमा द्यावा लागला. डॉक्टर म्हणे, "इसबगोल पाणी पिऊन फुगते. तू पाणीच दिलं नाई तर ते आत सिमिटासारखं बसीन नाई तं काय करीन?"

तवापासून मी पाण्याचा हिशेब पह्यले करतो अन् चोथ्याचा मंग. आरओचा कॅन येते गावात, पैसे लागतात, पण घेतो. सकाळी उठलो का दोन गिलास. वावरात जातानी दोन लिटरची कॅन सोबत. इसबगोल आता घेतो तं एका चमच्याले पुरा मोठा गिलास पाणी, अन् वरून अजून एक. बाबाले चोथा वाढवसान तं पाणी पह्यले वाढवा, राजेहो.

---

उपकेंद्र (नागभीड तालुका, चंद्रपूर)

मी आरोग्य सेविका आहे, १७ वर्षं झाली. खारपाणी भाऊंनी जे लिहिलं ते मी गावोगाव सांगत असते, त्यांनी अनुभवानं सांगितलं म्हणून जास्त पटेल.

चोथा दोन प्रकारचा असतो. वाटीभर पाण्यात चमचाभर जवस रात्री भिजत घाला. सकाळी पाणी बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालेलं दिसेल. हा विरघळणारा. तो पोटात गेला की अन्नाला धरून ठेवतो, साखर रक्तात हळूहळू जाते, कोलेस्टेरॉल कमी व्हायलाही मदत होते. म्हणून साखरेच्या पेशंटला भाताऐवजी भाकर आणि उसळ सांगतात. दुसरा न विरघळणारा, म्हणजे गव्हाचा कोंडा, हरभऱ्याचं टरफल, पालेभाजीच्या शिरा. तो पाणी धरतो, मळाला आकार देतो, पुढं ढकलतो. आणि आपण जे पचवू शकत नाही त्यातलं बरंचसं मोठ्या आतड्यातले जंतू खातात. ते जंतू त्यापासून जी आम्लं तयार करतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. तेव्हा चोथा म्हणजे टाकाऊ, हा समज काढून टाका.

एकदम वाढवू नका. आज दहा ग्रॅम खाणाऱ्यानं उद्या तीस खाल्लं तर पोट फुगणार, गुबारा धरणार, आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी सगळं सोडून देणार. एका आठवड्यात एकच बदल करा. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून शिजवा, गॅस कमी होतो.

आता हे जरा कान देऊन वाचा. संडासातून रक्त येणं दर वेळी मूळव्याधच असते असं नाही. पन्नाशीनंतर संडासची सवय अचानक बदलली, वजन उतरलं, रक्त पडतं, अशक्तपणा वाटतो, तर आधी तपासणी. भाकर नंतर. किडनीचा त्रास असलेल्यांनी डाळी, पालेभाज्या, फळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्यांनी संडास घट्ट होते आणि काळी दिसते. त्या घाबरून गोळी बंद करतात. गोळी बंद करू नका, पाणी आणि भाजी वाढवा, आम्हाला येऊन सांगा.

---

वावरवाट

ताई, बाबांची दुर्बिणीची तपासणी झाली आहे. मूळव्याधच आहे, बाकी काही नाही. पण हे तुम्ही लिहिलं ते फार चांगलं केलं. धाग्यावर असायलाच हवं होतं.

---

ओटीभर कापूस (वणीजवळ)

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. इथे बरेच भाऊ आहेत, त्यांनीही वाचावं.

कापूस वेचायला आम्ही बाया सकाळी आठला वावरात जातो, पाच-साडेपाचला घरी. किलोवर मजुरी असते. वावर म्हणजे सपाट. दिवाळीपर्यंत पऱ्हाटी उंच असते तेव्हा आडोसा तरी असतो. पुढं पानं गळाली की तोही नाही. धुऱ्यावर एखादी बाभूळ, तिच्याखाली गडीमाणसं डबे खात बसलेली. जायचं कुठं? म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. सकाळी घरून अर्धा गिलास पिऊन निघायचं, दुपारी डब्यासोबत दोन घोट, की संध्याकाळपर्यंत. संडासची कळ आली तरी दाबायची. दाबून दाबून ती कळ येणंच बंद होतं. मला पाच वर्षं हा त्रास होता. मी समजायचे की बाईच्या जन्माला हे असतंच.

माझ्या डब्यात भाकर असते. तिखट, कांदा, कधी बरबटीची (चवळीची) उसळ. चोथ्याची कमी नव्हती माझ्या जेवणात. पाण्याची होती, आणि जाग्याची.

मागच्या हंगामात आम्ही सातजणींनी मिळून वावरमालकाला सांगितलं. त्यांनी चार बांबू आणि जुन्या शेडनेटचा आडोसा करून दिला, आत एक खड्डा, बाजूला पाण्याची टाकी. दोन तासांचं काम. तेव्हापासून मी दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पिते. दुसरं काहीच बदललं नाही जेवणात. महिन्याभरात फरक पडला.

ज्यांच्या वावरात बाया कामाला येतात त्यांनी हा आडोसा करावा. एवढीच विनंती आहे.

---

गिरणीवाली

ताई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरचे लोकही पाच एकर कापूस लावतात. या हंगामात आडोसा होईल, शब्द देते.

---

खारपाणी

आमच्या वावरातबी करतो ताई. ध्यानातच नव्हतं आलं कधी.

---

संत्राबाग (वरुड)

निवृत्त शिक्षक आहे. थोडी भर घालतो.

डेनिस बर्किट नावाचे आयर्लंडचे शल्यचिकित्सक युगांडात बरीच वर्षं काम करत होते. त्यांच्या ध्यानात आलं की तिथल्या खेड्यांतल्या लोकांना बद्धकोष्ठ, मूळव्याध, आतड्याचे कितीतरी आजार क्वचितच होतात आणि इंग्लंडात दवाखाने त्यांनीच भरलेले. त्यांनी लोकांच्या मळाचं वजन करायला सुरुवात केली, अन्न खाल्ल्यापासून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं. आफ्रिकन खेडुतांचा मळ वजनाला जास्त आणि वेळ कमी. १९७० च्या दशकात त्यांनी चोथ्याचा हा विचार जगभर नेला. सगळं श्रेय एकट्या चोथ्याचं नव्हतं हे पुढं कळलं, खेड्यातलं कष्टाचं जगणंही त्यात होतं. पण मूळ निरीक्षण टिकलं. मला यात लागून राहतं ते हे, की त्या खेड्यांचं ताट आणि माझ्या लहानपणाचं ताट जवळचं होतं. जाडंभरडं धान्य, शेंगा, पाला.

संत्र्याबद्दल एक. पाहुणे आले की आम्ही रस काढून देतो आणि चोथा फेकतो. मानाचं समजतो. आता मी फोडीच देतो, पांढरे धागे न काढता. दोन संत्र्यांच्या रसात साखर तेवढीच जाते, चोथा मात्र गाळणीत राहतो.

---

धानपट्टा (साकोली, भंडारा)

सगळे भाकरीवर बोलत आहात, आमचा भाग धानाचा. दोन्ही वेळ भात. ज्वारी आमच्याकडे पिकत नाही, विकत घेऊन रोज खाणं परवडत नाही. आम्ही काय करायचं? भात सोडणं शक्य नाही आणि सोडायची इच्छाही नाही.

---

उपकेंद्र

भाऊ, सोडू नका. माझाही तालुका धानाचाच आहे. भाताची मूद लहान करा आणि भातासोबतचं वाढवा. पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण, आठवड्यातून चार दिवस वाल, बरबटी, चणा, मुगाची उसळ. बांधावर तूर आणि पोपटीचे वाल असतातच आपल्याकडे. पावसाळ्यात काटवल, कुड्याच्या शेंगा, तरोटा. शेवग्याचा पाला तर बारा महिने दारात, १०० ग्रॅमला ८ ग्रॅमच्या आसपास चोथा. गिरणीत धान काढताना कमी पॉलिश करून मागा. तेवढ्यानंही थोडा फरक पडतो. लाखोरीची (लाखेची) डाळ अधूनमधून चालेल, पण रोज पोटभर तीच खाऊ नये. तिच्या अतिसेवनानं पाय लुळे पडल्याची उदाहरणं जुनी माणसं सांगतात, ती खरी आहेत.

---

धानपट्टा

समजलं ताई. कमी पॉलिशचा भात आई पूर्वी ढेकीवर काढायची. गोड लागायचा. धन्यवाद.

---

काळी माती (मूर्तिजापूर)

ज्वारी पेरा म्हणणं सोपं आहे. मी तीन वर्षं पेरून पाहिली. खरिपाची ज्वारी कणसात भरली की नेमका परतीचा पाऊस येतो, दाणे काळे पडतात, व्यापारी हात लावत नाही. त्यातून वाचली तर पाखरं. त्यातून वाचली तर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं. एका रात्रीत पाऊण एकर लोळवली होती माझी. रात्री जागली करायला माणूस मिळत नाही. ज्वारी काही शेतकऱ्याच्या आळसानं गेलेली नाही, हे शहरातल्या वाचकांनी समजून घ्यावं.

तरी मी अर्धा एकर रब्बीला ठेवतो. विकायला नाही, घरच्यापुरती. कडबा गायीला होतो. घराजवळच्याच वावरात पेरतो, म्हणजे डुकरं जरा कचरतात.

---

वावरवाट

एक महिना झाला. सांगायचं होतं म्हणून परत आलो.

पहिल्या आठवड्यात फक्त पाणी. बाबांच्या खाटेजवळ तांब्या नाही, दीड लिटरची बाटली ठेवली, म्हणजे किती संपलं ते दिसतं. दुसऱ्या आठवड्यात चाळणी बदलली आणि गिरणीवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे गव्हात हरभरा टाकून दळून आणलं. बाबांनी पहिल्या घासाला विचारलं, "हे काय नवीन?" दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात टोस्ट बंद, त्या जागी मूठभर भिजवलेले चणे किंवा एक जाम. दात नाहीत म्हणून जाम किसून देतो. जवसाची चटणी आईनं केली. जवस भाजून कुटायचाच, अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. चौथ्या आठवड्यापासून रात्रीचा भात कमी करून एक भाकर. भाकर मी थापतो. आई शेजारी पाटावर बसून सांगते, "कडेनं दाब, मधात नको."

मधे एकदा पोट फुगलं होतं दोन दिवस, चणे जास्त झाले होते. कमी केले. आता दिवसाआड, बहुतेक वेळा रोज, सकाळी पोट साफ होतं. रक्त तीन आठवड्यांपासून दिसलं नाही. गोळी डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून दोनदावर आणली. मी स्वतः बंद केलेली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचं आहे.

बेरीज पुन्हा केली. बावीस-तेवीस येते. २५ झाले नाहीत अजून.

बाबा परवा म्हणाले, "कण्या कर ना कधी." आईला प्रमाण आठवत नाही, हातानंच करायची ती. कुणाला नीट माहीत आहे का?

---

ओटीभर कापूस

मला माहीत आहे दादा. आमच्याकडे अजून करतात.

ज्वारी पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा, मग भरडा. मिक्सरला करत असाल तर थांबून थांबून फिरवा, पीठ व्हायला नको. चाळून पीठ बाजूला काढा, त्याची आंबील होते. सुपात वरवर पाखडा, सगळं साल उडवू नका. वाटीभर कण्यांना चार वाट्या पाणी. पाणी उकळलं की मीठ टाकून कण्या सोडा आणि ढवळत राहा, नाहीतर तळाला धरतात. मग झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. मधे पाहत राहा, आटल्या वाटल्या तर गरम पाणीच घाला, थंड नको. बोटानं दाबली की कणी फुटली पाहिजे. बाबांना दात नाहीत म्हणता, तर जरा जास्त शिजू द्या.

खाली उतरवून कोमट झाल्या की ताक घाला. सोबत लसणाची चटणी. गरम कण्यांत ताक घातलं तर फाटतं, तेवढं सांभाळा.